चौथीचा वर्ग विज्ञान केंद्रात कसा न्यावा

प्राथमिक शाळेची सहल ठरवायची म्हटले की किल्ला, देऊळ, धरण, नाहीतर पाण्याचे खेळ असलेले एखादे उद्यान ही नावे आधी पुढे येतात. विज्ञान केंद्राचे नाव त्यानंतर निघते, आणि निघाले तरी वाटेवरचा एक थांबा म्हणून: सकाळी राणीची बाग, दुपारी दोन तास विज्ञान केंद्र, संध्याकाळी चौपाटी. या पद्धतीने मुलांना विज्ञान केंद्र दिसते, पण ते त्यांच्या हाती लागत नाही. या केंद्राला सबंध दिवस द्यावा, आणि त्या दिवसात मुलांना मोजकीच उपकरणे मन भरेपर्यंत हाताळू द्यावीत, असे माझे ठाम मत आहे. पुढे सांगितलेली सारी तयारी त्यासाठीच आहे.

उदाहरण म्हणून मी मुंबईत वरळीला असलेले नेहरू विज्ञान केंद्र घेते, कारण रायगड जिल्ह्यातील आमच्या शाळेची मुले मी तिथेच नेत आले आहे. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात इथले विज्ञान उद्यान मुलांसाठी खुले झाले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते संपूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. इमारतीची रचना कोकणातील आचरे गावी जन्मलेले वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांची आहे, हे मी मुलांना बसमध्येच सांगते. नागपूरकडच्या शाळांना रमण विज्ञान केंद्र, गोव्यातील शाळांना पणजीजवळ मिरामारचे गोवा विज्ञान केंद्र आणि पुण्याच्या बाजूच्या शाळांना पिंपरी-चिंचवडचे सायन्स पार्क सोयीचे पडेल. ठिकाण कोणतेही असले तरी तयारी हीच राहते.

एरवी संग्रहालयात ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. इथे हात लावल्याखेरीज काही घडतच नाही. चाक फिरवावे लागते, दोर ओढावा लागतो, नळीला कान लावावा लागतो. या पद्धतीच्या संग्रहालयांमध्ये ज्याचे नाव जगभर घेतले जाते, ते सॅन फ्रान्सिस्कोचे एक्सप्लोरेटोरियम १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केले. विद्यापीठांची दारे त्यांच्यासाठी बंद झाली होती त्या काळात ते कोलोरॅडोतील एका छोट्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. एवढ्या मोठ्या कल्पनेमागे शाळेच्या वर्गातील अनुभव आहे, याचे मला शिक्षक म्हणून फार मोल वाटते.

आधी आपण एकट्याने जाऊन यावे

सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी वर्गशिक्षकाने स्वतः केंद्रात जाऊन यावे. हे टाळता येण्यासारखे नाही. बस कुठे थांबते, मुले उतरून फाटकापर्यंत कोणत्या बाजूने चालतील, स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी कुठे आहे, डबे खायला सावलीची जागा मिळते का, हे सारे डोळ्यांखालून घालावे. शाळांच्या गटासाठी आगाऊ पत्र कसे द्यायचे, तिकिटात सवलत किती आहे, प्रयोगांचे सादरीकरण किंवा त्रिमितीय चित्रपट किती वाजता असतो आणि त्याचे तिकीट वेगळे आहे का, हे खिडकीवरच विचारून लिहून घ्यावे, म्हणजे पालकांकडून नेमकी रक्कम एकदाच मागता येते.

वरळीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. नेहरू विज्ञान केंद्र हे डॉ. ई. मोझेस मार्गावर, महालक्ष्मी स्थानकाच्या बाजूला आहे. नेहरू तारांगण आहे ते डॉ. अ‍ॅनी बेझंट मार्गावरील नेहरू सेंटरच्या आवारात. या दोन वेगळ्या संस्था आहेत आणि नावांच्या सारखेपणामुळे बसचालक हमखास गोंधळतात. चालकाला पत्ता लिहून द्यावा. दोन्ही ठिकाणे जवळ आहेत म्हणून एकाच दिवसात उरकण्याचा मोह होतो. तो आवरावा.

दालनांतून फिरताना आपल्या वर्गाला साजेशी सहा-सात उपकरणे निवडावीत. निवडताना दांडा किंवा कळ नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला येते का, हे पाहावे, आणि उपकरण चालू आहे ना, हेही पाहावे; रोज असंख्य हात सोसणाऱ्या वस्तूंपैकी काही ना काही दुरुस्तीला आलेले असतेच. एका वेळी किमान दोन-तीन मुलांना काम मिळेल अशी उपकरणे अधिक चांगली. मी सहसा मोठा अंतर्वक्र आरसा, कुजबुज ऐकवणारी दोन ताटे, कप्प्यांची खुर्ची, फिरता पाट, चढावर जाणारा दुहेरी शंकू आणि रंगीत सावल्या ही निवडते.

परवानगी, पैसे, गाडी

हा भाग थोडक्यात सांगते, कारण तो शाळाशाळांमध्ये सारखाच असतो. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, प्रत्येक पालकाचे सहीचे संमतिपत्र आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत खर्चाची मान्यता ही कागदपत्रे महिनाभर आधी हाताशी हवीत. ज्या घराला रक्कम झेपणार नाही त्या मुलाचे नाव वर्गात उच्चारले जाऊ नये. समितीतील एखाद्या सदस्याशी आधीच बोलून ती सोय परस्पर करावी. प्रासंगिक करारावर एसटी मिळते आणि शैक्षणिक सहलीसाठी भाड्यात सवलतही असते, मात्र डिसेंबर-जानेवारीत गाड्यांना मागणी फार असल्याने आगारात लवकर जावे.

दहा मुलांमागे एक मोठे माणूस हा माझा हिशेब आहे आणि त्यात मी तडजोड करत नाही. शिक्षक कमी पडले तर पालक सोबत घ्यावेत, पण त्यांची आदल्या दिवशी अर्धा तास बैठक घ्यावी. त्यांना मी दोनच गोष्टी सांगते. आपल्या दहा जणांना नजरेआड होऊ देऊ नका, आणि मुलाच्या हातातील दांडा काढून घेऊन ‘हे असं करायचं असतं’ म्हणून स्वतः फिरवून दाखवू नका. दुसरी सूचना पाळणे पालकांना पहिलीपेक्षा जड जाते, शिक्षकांनाही जाते.

वर्गातली तयारी

सहलीच्या आदल्या आठवड्यात रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटे पुरतात. त्यात उपकरणांची माहिती सांगू नये. त्या उपकरणांची ओळख पटेल असा एखादा घरगुती अनुभव द्यावा.

एके दिवशी प्रत्येकाला घरून स्टीलचा चमचा किंवा डाव आणायला सांगावे. डावाच्या खोलगट बाजूत पाहिले की चेहरा उलटा दिसतो, पाठीवर पाहिले की सुलटा पण लहान दिसतो. वर्गात एकच गलका होतो आणि तो होऊ द्यावा. मग विचारावे की डाव आपल्या उंचीएवढा असता आणि त्याच्याकडे आपण चालत गेलो असतो, तर चेहरा उलटाच राहिला असता का? उत्तर देऊ नये. केंद्रातील मोठ्या अंतर्वक्र आरशासमोर मूल चालत जाते तेव्हा दुरून उलटी दिसणारी प्रतिमा जवळ येताना एका ठिकाणी विस्कटते आणि त्याच्या पुढे सुलटी व मोठी होते. डावात जे जमले नव्हते ते इथे पायांनी चालून सापडते, आणि हाच प्रश्न मनात घेऊन आलेले मूल त्या आरशापुढून दोन मिनिटांत हलत नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर फुगडी घालावी. गरगर फिरताना हात आखडून एकमेकींच्या जवळ आले की वेग वाढतो, लांबवले की कमी होतो, हे मुलींना ठाऊक असते. ते त्यांच्या तोंडून वर्गापुढे येऊ द्यावे. फिरत्या पाटावर हात पसरून बसलेले मूल हात छातीशी घेते आणि एकाएकी जोरात फिरू लागते तेव्हा फुगडी घातलेल्या मुली बाकीच्यांना कारण समजावू लागतात. तिसऱ्या दिवशी ध्वजस्तंभाची कप्पी जवळून दाखवावी. स्तंभाच्या टोकाला पक्की बसवलेली ही कप्पी ओढण्याची दिशा बदलते, जोर वाचवत नाही. केंद्रातील खुर्चीवर बसून मूल दोर ओढत स्वतःलाच वर उचलते, तिथे वजनासोबत वर सरकणाऱ्या कप्प्याही असतात आणि म्हणून जोर कमी लागतो. त्याची किंमत दोराच्या लांबीत मोजावी लागते: हातभर वर जायला कितीतरी हात दोर ओढावा लागतो. दोर मोजायचे काम एका मुलाला आधीच नेमून द्यावे.

वही शाळेत ठेवावी

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे मला आवश्यक वाटते. पहिल्यांदा वर्ग घेऊन गेले तेव्हा सहलीचा अहवाल चांगला व्हावा म्हणून मी प्रत्येकाला वही आणायला लावली होती आणि प्रत्येक उपकरणाशेजारच्या फलकावरील माहिती उतरवून घ्या, असे सांगितले होते. मुले आज्ञाधारक होती. अडीच तास ती जमिनीवर मांडी घालून लिहीत राहिली. निघायची वेळ झाली, रांग लागली, तेव्हा रांगेतल्या एका मुलाने वही दप्तरात ठेवून मला विचारले, “बाई, आता हात लावू का?” बस बाहेर उभी होती. त्या मुलाला मी नाही म्हणाले, आणि ते नाही मला अजून बोचते.

तेव्हापासून मुलांच्या हातात काहीही नसते. प्रत्येक गटप्रमुखाकडे, म्हणजे त्या दहा मुलांसोबतच्या मोठ्या माणसाकडे, पोस्टकार्डाएवढी सहा-सात कार्डे असतात, आणि प्रत्येक कार्डावर त्या उपकरणाचा एकच प्रश्न असतो. दोर कुणी जास्त ओढला? सावलीत लाल रंग कुठून आला? उत्तरासाठी जागा ठेवलेली नसते. आपल्याला सुचलेले, आठवलेले मुले दुसऱ्या दिवशी शाळेत सांगतात.

सहलीचा दिवस

आम्ही पहाटे सहाला निघतो, म्हणजे केंद्र उघडण्याच्या सुमारास पोहोचता येते. पहिला तास सर्वांत शांत असतो. अकरानंतर इतर शाळांच्या गाड्या लागू लागतात. गाडी लागणारी मुले कोण आहेत, हे आदल्या दिवशी पालकांना विचारून त्यांना पुढच्या आसनांवर बसवावे, आलेपाकाच्या वड्या आणि जाड पिशव्या जवळ ठेवाव्यात. गळ्यातील ओळखपत्रावर शाळेचे नाव आणि सोबतच्या शिक्षकाचा भ्रमणध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा. मुलाचे नाव मात्र आतल्या बाजूला लिहावे, म्हणजे अनोळखी माणसाला त्या नावाने हाक मारता येत नाही. मुलांच्या जोड्या लावाव्यात आणि मोजणी जोड्यांनी करावी; आपला जोडीदार नाही, हे मुलाला आपल्याआधी कळते.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास काहीही शिकवू नये. नवीन जागी मुले आधी सैरभैर होतात, एक कळ दाबून तिचे काय झाले हे न पाहताच पुढच्या कळीकडे धावतात. पाहणाऱ्याला वाटते की सहल हातची गेली. तसे नसते, जागेची ओळख करून घेण्याची ती त्यांची रीत आहे आणि तिला वेळ दिला की धावणे आपोआप ओसरते. या वेळेत मोठ्यांनी दालनाच्या दारांपाशी उभे राहावे, एवढेच. मग गट पाडून प्रत्येक गटाला वेगळ्या उपकरणापासून सुरुवात करून द्यावी, म्हणजे एका ठिकाणी रेटारेटी होत नाही. प्रत्येक उपकरणापाशी निदान पंधरा मिनिटे थांबावे.

उपकरणाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारावा: काय होईल असे वाटते? प्रत्येकाने काहीतरी सांगितल्यावरच दांडा फिरवावा. मग काय झाले ते पाहावे आणि एखादी गोष्ट बदलून पुन्हा करून पाहावे. कारण सांगण्याची घाई शिक्षकाने करू नये. मुलाने आपला अंदाज मोठ्याने सांगितलेला असला की तो चुकल्यावर त्यालाच कारणाची ओढ लागते, आणि आपण सांगितलेले उत्तर त्या वेळी ते कान देऊन ऐकते.

कुजबुज ऐकवणाऱ्या ताटांपाशी हे चांगले दिसते. एकमेकांकडे तोंड करून बरीच दूर उभी केलेली ही दोन मोठी खोलगट ताटे असतात आणि प्रत्येकापुढे एक लहानसे कडे असते. मुले आधी एकमेकांकडे तोंड करून ओरडतात. आवाज जातो, पण तो कुठेही ओरडून जातोच. मग कुणीतरी थकून पाठ फिरवते, ताटाकडे तोंड करून कड्यापाशी पुटपुटते, आणि पलीकडे कड्याशी कान लावलेल्या मित्राचा चेहरा बदलतो. ‘तोंड ताटाकडे, पाठ मित्राकडे’ हा नियम आमच्या मुलांनी स्वतःच बसवला. कड्याच्या जागी निघालेला आवाज ताटावर आपटून सरळ पलीकडे जातो आणि दुसरे ताट तो गोळा करून त्याच्या कड्याशी आणून सोडते, हे नंतर दोन वाक्यांत सांगून पुरते.

दुहेरी शंकूपाशी मी सर्वांत जास्त वेळ देते. दोन दांड्या एका टोकाला जवळ आणि खाली, दुसऱ्या टोकाला लांब आणि उंच अशा बसवलेल्या असतात. खालच्या टोकाशी ठेवलेला, मध्ये जाड आणि दोन्ही बाजूंना निमुळता शंकू आपण होऊन उंच टोकाकडे गडगडत जातो. एका वर्षी एक अबोल मुलगी गुडघ्यांवर बसून हे बराच वेळ पाहत होती. तिने माझ्याकडची पट्टी मागून घेतली, खालच्या टोकाशी शंकूच्या टोकापर्यंतची उंची पट्टीवर बोट ठेवून धरली आणि बोट तसेच ठेवून पट्टी उंच टोकाकडे नेली. शंकूचे टोक तिच्या बोटाच्या खाली आले होते. “बाई, तो चढत नाही, उतरतोय,” ती म्हणाली. दांड्या फाकत जातात तसा शंकू त्यांच्या मध्ये खाली बसत जातो, आणि दांडी जेवढी उंच होते त्याहून तो जास्त खाली येतो. हे तिने पट्टीने काढले होते. तेव्हापासून प्रत्येक गटाबरोबर एक पट्टी आणि दोराचा एक तुकडा असतो.

अशा ठिकाणी धीट मुले दांडा सोडत नाहीत आणि मुली, लाजरी मुले मागे उभी राहून पाहतात. म्हणून पहिली पाळी मागे उभे असणाऱ्यांना द्यावी. ज्याला दिसत नाही किंवा कमी दिसते अशा मुलासाठी ध्वनी, कंपन आणि कप्प्यांची उपकरणे निवडावीत. त्याचा जोडीदार वर्णन करतो आणि हाताळतो तो स्वतः. अंधाऱ्या दालनाची भीती वाटणाऱ्या मुलाला आग्रह करू नये, त्याच्यासोबत एका मोठ्याने बाहेर थांबावे.

जेवण साडेबाराच्या आत व्हावे. त्यानंतर तासभर बाहेरच्या विज्ञान उद्यानात घालवावा. तिथे रेल्वेचे इंजिन, ट्रामचा डबा, विमान या प्रत्यक्ष वस्तू उभ्या आहेत आणि चौथीच्या मुलाला इंजिनाच्या चाकाशेजारी उभे राहून आपली उंची ताडून पाहण्यात जो आनंद होतो त्यात व्यत्यय आणू नये. शेवटच्या तासात मात्र मी एक गोष्ट न चुकता करते: प्रत्येकाने सकाळी पाहिलेल्यांपैकी एक उपकरण निवडायचे आणि त्याच्याकडे परत जायचे. दुसऱ्या भेटीत मुले हळू होतात. सकाळी सुटलेले त्यांना आता दिसते, आणि खरे प्रश्न याच तासात येतात. गटप्रमुखाने ते मुलाच्याच शब्दांत कार्डाच्या मागे लिहून घ्यावेत.

शाळेत परतल्यावर

दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला लावू नये. कोरा कागद देऊन, आपण परत गेलेल्या उपकरणाचे चित्र आठवणीतून काढायला सांगावे आणि बाण दाखवून काय कुठे हलते ते नोंदवायला सांगावे. चित्रात जे चुकते त्यावरून मुलाला काय समजले नाही ते कळते. कप्प्यांच्या चित्रात दोर मध्येच तुटलेला असेल, तर त्या मुलाबरोबर ध्वजस्तंभापाशी पुन्हा जावे.

मग एखादे उपकरण वर्गात बनवावे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे हेच काम केले, आणि त्यांची खेळणी कोणत्याही शाळेला परवडतात. आम्ही दुहेरी शंकू करतो. सारख्या मापाची प्लास्टिकची दोन नरसाळी तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडावीत. दोन सरळ काठ्या घेऊन त्यांची एका बाजूची टोके एका डब्यावर जवळ ठेवावीत, दुसऱ्या बाजूची टोके फाकवून तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या डब्यावर ठेवलेल्या पुस्तकावर टेकवावीत आणि नरसाळी खालच्या टोकाशी ठेवून सोडावीत. ती चढली नाहीत तर काठ्या आणखी फाकवाव्यात किंवा कमी जाडीचे पुस्तक घ्यावे; फार फाकवल्या तर नरसाळी मधून खाली पडतात. आमच्या वर्गात परिसर अभ्यासाचे एक पुस्तक ठेवले की नरसाळी वर जातात आणि दोन ठेवली की माघारी येतात. दुसऱ्या पुस्तकाच्या नेमक्या कितव्या पानावर ती जागीच थांबतात, हे मुले मधल्या सुट्टीत एकेक पान उलटून शोधत आहेत.